कडुनिंबावरची साडी

मी कमी बोलणारा माणूस आहे. धुळ्याच्या एका शाळेत पंचवीसेक वर्षं भूगोल शिकवतो आहे. तास सोडले तर माझी दिवसभरातली वाक्यं बायको बोटांवर मोजू शकते. अशा माणसाने आयुष्यात एकदाच, थंडीतल्या एका सकाळी, परक्या लोकांपुढे सैल तोंडाने बोलावं आणि नेमकं तेच खोटं असावं, याला काय म्हणावं ते मला कळत नाही. त्या खोट्यावर आज आमच्या गावात सात दुकानं, एक वाहनतळ आणि मुक्कामाच्या चार खोल्या उभ्या आहेत. गावाचं भलं झालं असं सगळे म्हणतात. मी दोन वर्षं काहीच म्हटलं नव्हतं.

आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याला टेकलेलं. गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे खडकातून गरम पाणी येतं. कुणी कधीकाळी त्याला दगडी कुंड बांधलं, खाली उतरायला वीस-बावीस पायऱ्या केल्या. पाणी कमरेइतकं, गंधकाच्या वासाचं. पायऱ्यांच्या तोंडाशी एक कडुनिंब आहे, आणि त्याच्या खालच्या फांदीवर गावाचा एक कायदा टांगलेला असायचा.

कायदा असा, की पहाटेपासून उन्हं डोंगरावरून खाली येईपर्यंत कुंड बायकांचं. जी पहिली येईल तिने आपली एक जुनी साडी फांदीवर टाकायची, जी शेवटी वर येईल तिने ती काढून मालकिणीच्या घरी पोचती करायची. साडी दिसली की पुरुषाने नाल्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, मागे फिरायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. गावातला सगळ्यात अट्टल दारुडासुद्धा झोकांड्या खात फरशीपर्यंत येई, फांदीकडे बघे आणि पायातल्या वहाणा उगाच झटकून परत फिरे. तळ्यावर पाटी लावून, दंड ठोठावून जे साधत नाही ते एका जुन्या साडीने साधत होतं.

माझ्या वहिनीची साडी तिथे सगळ्यात जास्त वेळा टांगलेली असायची. वहिनी दोंडाईच्याची. ती आमच्या घरात आली तेव्हा मी आठवीत होतो. पुढे शिकायला धुळ्याला खोली घेऊन राहिलो, तेव्हा सहा-सात वर्षं तिने रोज पहाटेच्या एसटीने माझा डबा पाठवला. कंडक्टर तो स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ठेवायचा. रिकाम्या डब्यात मी चिठ्ठी टाकायचो: उद्या ठेचा नको, पोट बिघडलंय, परीक्षा आहे, दोन भाकरी जास्त. मी मास्तर झालो तो त्या भाकऱ्यांवर, हे मी निरोपसमारंभांच्या भाषणांत दोनदा सांगितलं आहे. वहिनीला कधी सांगितलं नाही.

चाळिशीनंतर तिची बोटं धरायला लागली. संधिवात. थंडीत सकाळी हात लाकडासारखे. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज गरम पाण्यात हात-पाय शेकायला सांगितले, तेव्हा वहिनी हसली होती, कारण ती ते लग्न झाल्यापासून करत होती. पहाटे अर्धा-पाऊण तास कुंडात बसली की बोटं मोकळी व्हायची आणि मग दिवसभराच्या भाकरी तीच थापायची.

आता ती सकाळ. शाळेतले एक सहकारी, मूळचे फैजपूरचे, त्यांना आमच्या शेतात भरीत पार्टी करायची होती. खानदेशात थंडीत शेतावर वांगी भाजून जेवणं घालणं म्हणजे पाहुणचाराची हद्द. त्यांनी वांगीसुद्धा जळगावची सोबत आणली, आमच्या वांग्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. बरोबर त्यांची बायको आणि पुण्याहून आलेली मेहुणी. मेहुणी मोबाइलवर गावोगावचे व्हिडिओ करायची. रात्री मंडळी आमच्याकडे मुक्कामाला राहिली आणि सकाळी लवकर उठून म्हणाली, गरम पाण्याचं कुंड दाखवा.

मी त्यांना उशिरा न्यायला हवं होतं. पण पाहुण्यांपुढे नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि माझी तर अजिबातच नाही. फरशीवर आलो तर फांदीवर साडी. जांभळी, काठाला विटलेली. वहिनीची.

मी थांबलो. मेहुणी पुढे निघाली. "सर, ही साडी कसली?"

खरं उत्तर सोपं होतं. खाली बायका आंघोळ करताहेत, आपण नंतर येऊ. एवढंच. पण या सहकाऱ्यांना मी कितीदा सांगितलं होतं की आमचं घर गावातलं पुढारलेलं, स्लॅबचं, आत बाथरूम, गिझर. आता त्यांच्या बायकोसमोर काय सांगू, की त्या घरातली थोरली सून नाल्याकाठी उघड्यावर आंघोळीला बसली आहे? माझ्या तोंडातून आलं, "नवसाची आहे."

"नवस?"

"हो. फार जुनी प्रथा. साडी बांधली की उन्हं खाली येईपर्यंत कुणी कुंडात उतरायचं नाही."

"कसला नवस असतो?"

इथे तरी थांबायचं. पण कमी बोलणाऱ्याला एकदा ऐकणारं मिळालं की आवरत नाही. डोळ्यांसमोर वहिनीचे हात आले आणि मी म्हणालो, "हातापायाच्या दुखण्याचा. सांधे वगैरे. गुण येतो म्हणतात."

सहकाऱ्यांच्या बायकोने चप्पल काढून लांबूनच हात जोडले. मेहुणीने साडीचा, झाडाचा आणि माझा व्हिडिओ घेतला. आम्ही तिथूनच परतलो. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. बायकांची लाज राखली, घराची राखली, पाहुण्यांचा मान राखला. एका वाक्यात तीन कामं. गरम पाणी खडकाच्या भेगांतून कसं वर येतं हे वर्गात आकृती काढून सांगणाऱ्या माणसाने हे केलं, याची नोंद त्या दिवशी कुणी घेतली नाही.

महिन्याभरात पहिली गाडी आली. जळगावचं एक कुटुंब, म्हातारीच्या गुडघ्यांसाठी. त्यांनी व्यवस्थित विचारपूस करून नवी हिरवी साडी बांधली. मग चोपडा, अमळनेर, नंदुरबार. मग पुणे. जे गाव एसटीच्या पाटीवरही शेवटी यायचं, तिथे रविवारी गाड्या वळवायला जागा उरेना. आमच्या गावात तीन पिढ्यांपासून एक मारवाडी कुटुंब दुकान चालवतं. त्यातले शेठ एक दिवस मला रस्त्यात गाठून अदबीने म्हणाले, "मास्तर, लोक साडी मागतात. अख्खी साडी महाग पडते बिचाऱ्यांना. तुकडा चालेल का? आणि रंग कोणता धरायचा? उगाच आपल्याकडून चूक नको."

चूक नको म्हणे. मी म्हणालो, "कोणताही चालेल." शेठनी मान डोलावली आणि पोथी वाचून दाखवणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर ग्रामपंचायतीने माहितीफलक लावायचं ठरवलं. सरपंचबाईंचे यजमान, म्हणजे कामकाजाच्या दृष्टीने सरपंचच, घरी आले. "मास्तर, मजकूर तुम्हीच द्या. शुद्ध पाहिजे. आणि अक्षर तुमचंच. पेंटर नुसता गिरवेल." मी दोन दिवस घेतले. 'पूर्वापार चालत आलेल्या प्रथेनुसार' असं सुरू केलं. 'पूर्वापार' लिहिताना हात क्षणभर थांबला, पण तो ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यासाठी. फलक फरशीजवळ उभा राहिला. खाली लहान अक्षरांत, शब्दांकन असं लिहून माझं आडनाव टाकायचं होतं. ते मी विनयाने नाकारलं. लोकांना त्या विनयाचंही कौतुक.

आता यात एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. फांदीवर एक साडी असते तेव्हा ती खूण असते. शंभर असतात तेव्हा ती सजावट होते. कडुनिंब खालपासून वरपर्यंत लाल-हिरवा-पिवळा झाला. साडी कधी नाहीच असं होईना. मग पुरुषांनी करायचं काय, जन्मभर फरशीवर उभं राहायचं? गावातले पुरुष आधी गोंधळले, मग हळूहळू नजर मेली. पाहुण्यांना तर प्रश्नच नव्हता. आणि उन्हं खाली येईपर्यंत उतरायचं नाही, ही माझी अट कुंडावरचा सूर्योदय बघायला आलेल्यांना परवडणारी नव्हती, ती त्यांनी परस्पर गाळली.

एका पहाटे वहिनी आणि आणखी चौघीजणी पाण्यात असताना सात-आठ पुरुष मोटरसायकली लावून खाली आले. दंगेखोर नव्हते बरं का. चांगल्या घरचे, नोकरीवाले. त्यांनी बूट काढले, पायरीला हात लावून डोक्याला लावला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पाय सोडून बसले. बायका पाण्यात खाली बसून, गळ्यापर्यंत बुडालेल्या. त्यांची कपड्यांची बोचकी त्या पुरुषांच्या पाठीमागे. पाऊण तास कुणी हललं नाही.

घरी आल्यावर वहिनीने हे गमतीने सांगितलं. मी शनिवारचा आलेलो होतो, ओट्यावर बसून ऐकत होतो. "एक जण माले पुसस, मावशी, पाणी किती गरम आहे? मी म्हणं, उतर खाले, तुलेबी शिजाडसूत." पुतण्याची बायको हसून हसून वाकली. वहिनीही हसत होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, चूल पेटवली आणि तिथेच बसून राहिली. त्या चौघीही गेल्या नाहीत. पुढे कुणीच गेलं नाही. त्यासाठी ठराव, बंदी, भांडण काही लागलं नाही. बायकांचं कुंडावर जाणं जसं कुणी न लिहिता सुरू झालं होतं तसंच कुणी न लिहिता बंद झालं.

ग्रामपंचायतीने मात्र महिलांची काळजी घेतली. पत्र्याची खोली उभारली, कपडे बदलायला. ती उघडते सकाळी नऊला, कारण चावी ज्याच्याकडे तो तेव्हा येतो. स्थानिकांना आधार कार्ड दाखवून सवलत आहे. वहिनीला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आंघोयले आधार कार्ड?" आणि चुलीत लाकूड सारलं.

नानाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, घराच्या पुढच्या बाजूला दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. गिझर तिकडे गेला. घरच्यांसाठी चुलीवरचा हंडा. त्या हंड्यातलं पाणी वहिनी हात बुडवून बघायची आणि म्हणायची, हे पाणी वरवर लागतं, आत जात नाही. पुढच्या खोल्यांतल्या पाहुण्यांना घरचं जेवण हवं असे, आणि त्यातही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना व्हिडिओ. एकदा ठाण्याची एक बाई चुलीपाशी मांडी घालून बसली, "काकू, तुम्ही थापा ना, मी शूट करते." वहिनीने हात पदराखाली घेतले. "सूनबाईनं थापेल जास्त गोल ऱ्हास," ती म्हणाली. मी दारात होतो. तिची बोटं आता उकलत नव्हती, वाटीसारखी आत वळली होती. ज्या कुंडाने गुण येतो म्हणून दीडशे कोसांवरून माणसं येत होती, त्या कुंडापासून अर्ध्या मैलावर माझी वहिनी बसली होती.

दोन वर्षं मी हे बघत राहिलो. मधून कॅनमध्ये कुंडाचं पाणी भरून मोटरसायकलवर आणायचो. घरी येईपर्यंत ते कोमट होई. वहिनी तरी हात बुडवायची, मला बरं वाटावं म्हणून.

गेल्या थंडीत पुढच्या खोल्यांतल्या पाहुण्यांसाठी भरीत होतं. मागच्या अंगणात वहिनी भाजलेली वांगी सोलत बसलेली. वांगी इतकी गरम, की सूनबाई एक उचलून टाकून देत होती. वहिनी मात्र एकेक वांगं दोन्ही तळव्यांत घट्ट धरून ठेवायची आणि मग सोलायची. सोलणं निमित्त होतं. ती शेकत होती.

सूनबाई आत गेल्यावर मी समोर बसलो. गावात आलो की मी अहिराणीच बोलतो, पण त्या दिवशी का कोण जाणे प्रमाण मराठीत सुरू झालो. "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या नवसाच्या बाबतीत. ती प्रथा वगैरे जे आहे, त्याला आधार नाही. ते प्रथम मीच—"

"हाई काय भाषण दी ऱ्हायनात?"

मग मी एका दमात सांगून टाकलं. पाहुणे, जांभळी साडी, नवस, दुखणं, रंग, फलक. वांगं तिच्या हातात तसंच राहिलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"कसं?"

"फलकवरलं अक्षर. तुमन्या इतल्या चिठ्ठ्या डबामा येयेत, मी अक्षर वळखत नही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही मास्तर. तुमना शब्द गावले खरा." तिने वांग्याची साल ओढली, ती अर्ध्यात तुटली. "आणि बोलनं तर तुम्हले व्हतं ना, भाऊ. तुम्हले मनी लाज वाटनी."

गावाची नाही, आंघोळीची नाही. तिची लाज वाटली. एवढं सरळ वाक्य मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. तिने एक गरम वांगं माझ्यापुढे सरकवलं. "बठेल शेतस तर सोला."

मी ग्रामसभेत सांगायचं ठरवलं. चांगला मसुदा केला, दोनदा वाचला. सभेत उभा राहिलो आणि म्हणालो की नवस खोटा आहे, मी रचलेला आहे, साडी ही बायकांच्या आंघोळीची खूण होती हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला वाटलं आता लोक चिडतील. लोक चिडले नाहीत. त्यांना माझी काळजी वाटली.

"मास्तर, तब्येत बरी शे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

सरपंचबाईंचे यजमान समजुतीने म्हणाले, "फलक तुमचा. आता तुम्हीच खोटा म्हणता. क वर्ग तीर्थक्षेत्राच्या दर्जाचा प्रस्ताव वर गेलेला आहे, त्याला हाच फलक जोडलाय."

मग एक आबा उठले, ऐंशीच्या पुढचे. काठीवर भार देऊन म्हणाले, "मी धाकला व्हतू तवय मनी मायनी साडी बांधेल व्हती. मना पायसाठे." आबांची आई मला आठवते. ती कुंडावर रोज जायची, साडीही टाकायची. पण आबांच्या आठवणीतली ती साडी आता नवसाची झाली होती, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खोटं पाडायचं धाडस मला झालं नाही. शेठ म्हणाले, "श्रद्धेचा विषय आहे मास्तर, जाऊ द्या." आणि सभा पुढच्या विषयाकडे, वाहनतळाच्या डांबरीकरणाकडे गेली.

घरी नाना दारातच होता. "तुले काय, तू धुय्याले निंघी जाशी. आम्हले आठेच ऱ्हानं शे." त्याचं बरोबर होतं. खोल्यांवर त्याचं घर उभं राहिलं होतं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सभेत सांगून काय होणार, सभेतल्यांना माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही ते मोटरसायकलवर येतात. "रविवारे पहाटे मी जासू. त्या चौघीबी येतीन. तुम्ही फरशीवर उभा ऱ्हावा. जो येई त्याले सांगा, खाले बाया आंघोय करी ऱ्हायन्यात."

"नवसाचं सांगू का? नवसासाठी बंद आहे म्हणून?" मी विचारलं. सवय वाईट.

तिने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, एक शब्दही न बदलता.

त्या रविवारी मी मफलर गुंडाळून फरशीवर उभा राहिलो. पाच बायका माझ्या बाजूने खाली गेल्या. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने पांढरी गाडी आली. नवरा-बायको, मागे म्हातारे वडील. जळगाव पासिंग. नवऱ्याने काच खाली केली. "काका, कुंड इकडेच ना?"

"हो," मी म्हणालो. "पण आत्ता बंद आहे."

"का?"

"काम चालू आहे."

खालून, पाण्याच्या वाफेतून, वहिनीचा आवाज आला. "भाऊ, नीट सांगा."

गाडीतल्या तिघांनी तो ऐकला. बावन्न वर्षांचा माणूस, निम्मी हयात वर्गापुढे बोलण्यात गेलेली, आणि चार शब्द निघेनात. मी गाडीच्या खिडकीशी वाकलो आणि म्हणालो, "खाली बायका आंघोळ करताहेत. माझी वहिनीसुद्धा आहे. उन्हं खाली आली की त्या वर येतील. तोवर थांबावं लागेल."

"अच्छा," तो म्हणाला. "मग चहा कुठे मिळेल?"

एवढंच. मी हात दाखवला, गाडी वळली.

आता मी दर शनिवारी शेवटच्या एसटीने गावी जातो आणि रविवारी पहाटे फरशीवर उभा राहतो. इतर दिवशी त्या पाचजणींपैकी एकीची सासू बसते. तिच्या तोंडाला माझ्यापेक्षा जास्त धार आहे. सगळे काही ऐकत नाहीत. एकाने विचारलं, तुम्हाला कुणी नेमलंय? एकाने माझा फोटो काढला. सरपंचबाईंचे यजमान भेटले की म्हणतात, तुमच्यामुळे सूर्योदयाची गर्दी कमी झाली. नाना माझ्याशी कामापुरतं बोलतो, म्हणजे माझ्यासारखंच. वहिनीची बोटं अजून पुरती उकलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं गेली ती गेली. गेल्या रविवारी तिने वर येऊन माझ्या हातावर हात ठेवला, ऊब दाखवायला. बोटं वळलेलीच होती, पण गरम होती. मग ती घरी गेली, आणि मी तिथेच थांबलो, कारण चौघी अजून खाली होत्या.